एका मोसमाचे संघ

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या महाविद्यालयातला एक विद्यार्थी माझ्याकडे आला. पारोळा तालुक्यातल्या एका खेड्यातला मुलगा. अंगाने दणकट, पायांत वेग, कबड्डीत चढाईला जाणारा. त्याने मोबाइल माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "सर, हे जरा वाचा." एका नव्या व्यावसायिक लीगसाठी खेळाडूंची निवडचाचणी होणार होती. चाचणीची फी आधी भरायची. निवड झाली तर करार, मानधन, परगावी राहण्याची सोय आणि टीव्हीवर सामने. खेळ कोणता? तर अमेरिकन फुटबॉलचा एक प्रकार, छपराखाली, बंदिस्त सभागृहात खेळायचा. मी वाचून मोबाइल परत केला. तो तसाच उभा. मग म्हणाला, "सर, जाऊ का मी?"

आता अशा वेळी 'जा' म्हणणे सोपे असते, आणि 'कशाला नसत्या भानगडीत पडतोस' असे म्हणणे त्याहूनही सोपे. शिक्षकांना हा अनुभव नवा नाही. पण मी इतिहास शिकवतो. सवयच अशी की, एखाद्या गोष्टीबद्दल मत देण्याआधी ती आली कुठून, हे पाहावे. म्हणून त्याला म्हटले, "चार दिवस थांब." त्या चार दिवसांत जे वाचले आणि आठवले, ते आज तुम्हांला सांगतो.

प्रथम खेळाची ओळख करून घेऊ. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात, तो आपला फुटबॉल नव्हे. त्यांचा चेंडू दोन्ही टोकांना निमुळता, शेंडीसकट नारळासारखा लांबट असतो. तो पायाने कमी आणि हाताने जास्त खेळतात. खेळाचे मर्म जमीन जिंकण्यात आहे. एका बाजूला चार प्रयत्न मिळतात. तेवढ्यात चेंडू दहा यार्ड पुढे न्यायचा. नेला तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाहीतर चेंडू दुसऱ्या बाजूकडे जातो. समोरचे अर्थातच आडवे येतात, धरतात, पाडतात. म्हणून डोक्यावर शिरस्त्राण आणि खांद्यांवर गाद्या बांधून उतरावे लागते. असे करीत करीत चेंडू प्रतिपक्षाच्या शेवटच्या पट्ट्यात नेला की त्याला टचडाउन म्हणतात आणि त्याचे सहा गुण मिळतात. आपल्या हुतूतूतल्या पोरांना हा खेळ समजावून सांगायला वेळ लागत नाही, हा माझा अनुभव आहे. धरणे आणि सुटणे, दोन्हींकडे तेच!

मैदानी अमेरिकन फुटबॉलमध्ये दर बाजूला अकरा खेळाडू असतात आणि मैदान शंभर यार्डांचे असते. मग तो छपराखाली कसा आला? त्याची गोष्ट गमतीची आहे. जिम फॉस्टर नावाचे एक गृहस्थ अमेरिकेच्या राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये प्रचाराचे काम करीत. फेब्रुवारी १९८१ मध्ये ते न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या सभागृहात एक सामना पाहत बसले होते. तो होता सॉकरचा, म्हणजे आपल्या ओळखीच्या फुटबॉलचा, पण छपराखाली खेळलेला. त्यांच्या मनात आले, सॉकर आत येऊ शकतो, तर आपला फुटबॉल का नाही? जवळच्या एका लिफाफ्यावर त्यांनी तिथल्या तिथे मैदानाचे चित्र काढले. पन्नास यार्ड लांब, पंच्याऐंशी फूट रुंद. आपल्या हिशेबाने सुमारे ४६ मीटर बाय २६ मीटर. कबड्डीचे क्रीडांगण तेरा मीटर बाय दहा मीटर असते, त्यावरून अंदाज बांधा.

हे माप त्यांनी हवेतून काढलेले नव्हते. अमेरिकेत आइस हॉकी नावाचा बर्फावरचा खेळ चालतो. त्याच्या मैदानाचे माप जवळपास एवढेच. त्या देशात लहानमोठ्या शहरांतून हॉकी आणि बास्केटबॉलसाठी हजारो खुर्च्यांची बंदिस्त सभागृहे बांधलेली आहेत. हे दोन्ही खेळ हिवाळ्यातले. उन्हाळ्यात सभागृहे बरीचशी रिकामी, पण दिव्यांचा, देखभालीचा, कर्जाच्या हप्त्यांचा खर्च मात्र बारा महिने चालूच. अशा मालकाला उन्हाळ्यात कोणी भाडेकरू दिला, तर तो हवाच असतो. आपल्याकडे लग्नसराई संपली की मंगल कार्यालयाचा मालक ज्या नजरेने रस्त्याकडे बघतो ना, तशीच ही नजर! तेव्हा हा नवा खेळ पोरांच्या गल्लीत जन्मला नाही, रिकाम्या इमारतीच्या हिशेबात जन्मला. हे लक्षात ठेवा; पुढे उपयोगी पडेल.

लिफाफ्यावरच्या चित्राचा खेळ व्हायला सहा वर्षे गेली. मधल्या काळात अमेरिकेत वसंत ऋतूत खेळणारी एक दुसरीच मैदानी लीग निघाली होती. फॉस्टर तिच्यात काम करू लागले. ती लीग १९८३ ते १९८५ असे तीन मोसम चालून बुडाली. मग त्यांनी लिफाफा पुन्हा बाहेर काढला. १९८६ साली इलिनॉय राज्यातल्या रॉकफर्ड गावी एक प्रयोगाचा सामना घेतला आणि १९८७ च्या उन्हाळ्यात चार संघांची लीग सुरू केली. नाव ठेवले अरीना फुटबॉल. अरीना म्हणजे रिंगण. चारी बाजूंनी प्रेक्षक आणि मधे झुंज.

नियम जागेला धरून बदलले होते. अकरांऐवजी आठ खेळाडू. भोवती गाद्या लावलेली कठड्याएवढी भिंत. खेळाडू धडकून कधी कधी भिंतीवरून थेट पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकांच्या मांडीवर! दोन्ही टोकांना गोलखांबांच्या बाजूंना उंच जाळ्या ताणलेल्या. फेकलेला चेंडू जाळीवर आदळून परत आला तर तो मेला असे नाही, खेळ चालूच. चेंडू लांब लाथाडून देऊन जबाबदारी टाळण्याची सोय, जी मैदानी खेळात आहे, ती इथे काढून टाकली. शिवाय बहुतेक खेळाडूंनी चढाई आणि बचाव, दोन्ही करायचे. परिणाम असा की गुणांचा पाऊस पडू लागला. एका संघाने पन्नास-साठ गुण करणे ही नित्याची गोष्ट झाली.

पहिल्या वर्षीचे चार संघ होते शिकागो, डेन्व्हर, पिट्सबर्ग आणि वॉशिंग्टन या शहरांचे. अंतिम सामन्यात डेन्व्हरच्या संघाने पिट्सबर्गला ४५–१६ असे हरवले. संघाचे नाव डेन्व्हर डायनामाइट. आता गंमत पाहा. पुढच्या वर्षी, १९८८ साली, या लीगमध्ये हा विजेता संघ खेळलाच नाही! १९८९ साली तो परत आला, १९९१ पर्यंत खेळला आणि संपला. म्हणजे त्या खेळाचा जगातला पहिला अजिंक्य संघ उण्यापुऱ्या चार मोसमांचा धनी. आपल्याकडे एखाद्या मल्लाने जत्रेतली मानाची कुस्ती मारली आणि पुढच्या वर्षी त्या तालमीलाच कुलूप दिसले, तर लोक काय म्हणतील?

पण हे का होते, ते समजून घेण्यासारखे आहे. आपण 'संघ' म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे गाव असते, तालीम असते, मंडळ असते. व्यावसायिक लीगमध्ये संघ म्हणजे एक परवाना. त्याला फ्रॅन्चायझी म्हणतात. लीग ही मूळ कंपनी. ती पैसेवाल्या माणसाला सांगते, अमुक शहराच्या नावाने संघ चालवण्याचा हक्क तुला दिला, त्याचे इतके पैसे दे. पुढचा खर्च त्या परवानाधारकाचा: सभागृहाचे भाडे, खेळाडूंचे पगार, प्रवास, अंथरायचे कृत्रिम गवत, आणि असल्या धडकाधडकीच्या खेळात दुखापतींचा विमा. उत्पन्न तिकिटांचे, जाहिरातींचे आणि टीव्हीने दिले तर टीव्हीचे. सामने वर्षातून पाच-सहा महिने, त्यातले निम्मे आपल्या गावी. म्हणजे वर्षभराचा खर्च मोजक्या संध्याकाळी वसूल करायचा. दोन संध्याकाळी खुर्च्या रिकाम्या राहिल्या की ताळेबंद कोलमडतो. मालक मग परवाना विकतो, दुसऱ्या शहराला नेतो किंवा टाळे लावतो. खेळाडूंनी जिंकले की हरले, याचा त्या निर्णयाशी संबंध असतोच असे नाही. डेन्व्हरने ते दाखवून दिले.

या खेळाची आणखी एक गोष्ट आहे, ती शेतकऱ्यांना चटकन कळेल. फॉस्टर यांनी या खेळाचे पेटंट घेतले. होय, खेळाचे पेटंट! मार्च १९९० मध्ये अमेरिकन सरकारने ते मंजूर केले. भिंत, जाळ्या, मैदान आणि ते सगळे मिळून खेळण्याची रीत ही एका व्यक्तीची मालमत्ता ठरली. दुसऱ्या कोणाला याच पद्धतीने लीग काढायची तर काढता येईना. सतरा वर्षांनी, २००७ साली, त्या पेटंटची मुदत संपली.

कपाशीचे बियाणे आपण दर वर्षी पाकिटातून आणतो. घरी बी धरून पुढच्या वर्षी पेरले तर तसे पीक येत नाही, हे पारोळ्यापासून शिरपूरपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. कंपनीने पाकीट दिले तर शेत उभे. उलट आपल्या भरिताच्या वांग्याचे बी बामणोद-भादलीकडची माणसे वर्षानुवर्षे घरी धरीत आली. त्याला कोणाच्या दुकानाची परवानगी लागली नाही. खेळांतही हे दोन प्रकार आहेत, असे मला वाटू लागले आहे. पाकिटातले बियाणे वाईट असे मी म्हणत नाही. एकरी उतारा त्याचाच जास्त, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण दुकान बंद झाले की पेरणी अडते, एवढे मात्र खरे.

अरीना फुटबॉलनेही काही काळ चांगला उतारा दिला. एक उदाहरण सांगतो. आयोवा हे अमेरिकेतले मका पिकवणारे राज्य. तिथल्या डी मॉइन शहरात १९९५ साली आयोवा बार्नस्टॉर्मर्स हा संघ निघाला. चालवणारे स्वतः फॉस्टरच. कर्ट वॉर्नर नावाचा एक तरुण त्यांच्याकडे आला. मोठ्या लीगमधल्या एका संघाने त्याला १९९४ साली सराव शिबिरातूनच घरी पाठवले होते. पोटासाठी तो किराणा मालाच्या एका मोठ्या दुकानात रात्रपाळीला फळ्यांवर माल लावण्याचे काम करी. छपराखालच्या लहान मैदानात विचार करायला वेळ मिळत नाही. चेंडू हातात आला की क्षणात निर्णय घेऊन फेकावा लागतो. तीन मोसम तो हे शिकला. पुढे सेंट लुइसच्या संघात त्याला जागा मिळाली आणि जानेवारी २००० मध्ये त्या संघाने अमेरिकेतली सर्वांत मानाची स्पर्धा, सुपर बोल, जिंकली. अंतिम सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू वॉर्नरच ठरला. दुकानातल्या रात्रपाळीपासून तिथपर्यंत! तेव्हा असल्या लहान लीगमधून काहीच हाती लागत नाही, असे कोणी म्हणेल तर ते खरे नव्हे.

आणि त्या आयोवाच्या संघाचे काय झाले? लोक गर्दी करीत होते, संघ जिंकत होता. तरीही २००० च्या मोसमानंतर परवाना न्यूयॉर्कच्या बाजूला गेला. मोठे शहर, मोठा बाजार. डी मॉइनच्या लोकांनी काही चूक केली होती असे नाही. संघ त्यांचा नव्हताच, त्यांच्या गावाचे नाव तेवढे लावलेले होते. मात्र इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. लोकांना चटक लागलेली होती. पुढे त्याच नावाचा संघ त्याच गावात पुन्हा उभा राहिला आणि दुसऱ्या एका छपराखालच्या लीगमध्ये खेळू लागला. ज्या जमिनीत मुळे धरतात तिथे छाटल्यावरही फुटवा येतो, तसे हे झाले.

मूळ लीगची कथा आता लवकर सांगून टाकतो. आर्थिक ओढाताणीत तिने २००९ चा मोसम रद्द केला आणि त्याच वर्षी ती दिवाळखोरीत गेली. २०१० साली नव्या मालकांनी ती पुन्हा उघडली. २०१९ च्या अखेरीस पुन्हा दिवाळखोरी. २०२४ साली तिसऱ्यांदा सोळा संघांनिशी थाटात उद्घाटन झाले आणि काही आठवड्यांतच एकामागून एक संघ गळू लागले; उरलेल्यांनी दुसऱ्या नावाने संसार मांडला. ज्या खेळाडूंनी त्या वसंतात करार केले, त्यांतले कित्येक जण उन्हाळा लागायच्या आत घरी होते.

आता आपल्याकडे येऊ. ऑगस्ट २०११ मध्ये भारतात अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग काढण्याची घोषणा झाली. नाव एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया. हा खेळ छपराखालचा नव्हता, मैदानीच होता. पण संघांची घडण तीच, परवान्याची. पैसा आणि नाव देणाऱ्यांत अमेरिकेतले प्रसिद्ध प्रशिक्षक माइक डिट्का होते, चित्रपट अभिनेते मार्क वॉलबर्ग होते, आणि आपला दुकानातला रात्रपाळीवाला कर्ट वॉर्नरही होता! संघांची नावे ऐका: मुंबई ग्लॅडिएटर्स, दिल्ली डिफेन्डर्स, कोलकाता व्हायपर्स, हैदराबाद स्कायकिंग्ज, श्रीलंकेचा कोलंबो लायन्स, आणि पुण्याचा संघ, पुणे मराठाज. मराठी नावाला इंग्रजी 'ज' जोडलेला पाहून माझ्यातला मास्तर जरा कुरकुरला, पण असो.

खेळाडू आणायचे कुठून? हा खेळ आपल्या देशात फारसे कोणी खेळत नव्हते. म्हणून रग्बीतले आणि इतर खेळांतले दणकट तरुण गोळा केले. त्यांतल्या बहुतेकांनी असला चेंडू त्याआधी हातात धरलेला नव्हता. काही महिन्यांत त्यांना खेळ शिकवला. पहिल्या मोसमातले सामने २०१२ साली कोलंबोच्या सुगतदास स्टेडियमवर खेळवले, त्यांचे चित्रण केले आणि ते मागाहून टेन स्पोर्ट्स वाहिनीवर दाखवले. अंतिम सामना पुणे मराठाज आणि दिल्ली डिफेन्डर्स यांच्यात झाला. पुण्याने तो ६–० असा जिंकला. एका टचडाउनचे गुण सहा, हे मघाशी सांगितलेच आहे. म्हणजे सामना किती चुरशीचा, किंवा खेळ किती नवखा, याचा अंदाज तुम्हीच करा. मला वाटते, दोन्ही.

तर भारतातल्या या लीगचे पहिले विजेते पुण्याचे. पण पुण्यात मिरवणूक निघाली का? लक्ष्मी रस्त्यावर गुलाल उधळला का? ज्या शहराच्या नावाने संघ खेळला, त्या शहराला दर आठवड्याला तिकीट काढून, पोराला खांद्यावर बसवून आपला संघ बघायला जाण्याची सवय लागायला वावच नव्हता. चित्रण आधी, प्रेक्षक नंतर, अशी उलटी वरात होती. त्या मोसमातून दर वर्षी नेमाने होणारी लीग काही उभी राहिली नाही. डेन्व्हरचे विजेते एक वर्ष गैरहजर राहून परत तरी आले. पुणे मराठाज हे नाव मात्र शहराच्या तोंडी बसण्याआधीच विरले. त्या मुलांनी मेहनत केली नाही, असे नव्हे. परक्या खेळात, इतक्या थोड्या अवधीत अंतिम सामना जिंकणे ही साधी गोष्ट नाही. त्यांच्या विजयाला साक्षीदार मिळाले नाहीत, याचेच मला वाईट वाटते.

पुणे शहराचे नशीबच या बाबतीत जरा विचित्र आहे. क्रिकेटमधल्या आयपीएलचा पुणे वॉरियर्स हा संघ २०११ ते २०१३ असा तीन मोसम टिकला. रायझिंग पुणेच्या संघाला दोनच मोसम होते, २०१६ आणि २०१७; दुसऱ्या मोसमात तो अंतिम फेरीत एका धावेने हरला आणि मुदत संपली म्हणून घरी गेला. फुटबॉलमध्ये कल्याणी उद्योगसमूहाचा भारत एफसी बालेवाडीच्या मैदानावर एकच मोसम खेळला, तो २०१५ साली. एफसी पुणे सिटी २०१४ साली निघाला आणि २०१९ साली त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. एका दशकात चार संघ, आणि चौघांपैकी एकही आज नाही. क्रिकेटचे प्रेम पुण्याला नाही, असे तर कोणी म्हणणार नाही! तेव्हा नुसती आवड असून भागत नाही. मालकी, मैदान आणि मुदत, या तिन्हींचा हिशेब जुळावा लागतो.

इथे कोणी विचारील, मग प्रो कबड्डी कशी टिकली? तिथेही परवानेच आहेत, टीव्हीचा पैसा आहे, छपराखालचे रिंगण आहे, दिवे आहेत, संगीत आहे. प्रश्न रास्त आहे. मीही त्यावर विचार केला. जुलै २०१४ मध्ये ही लीग आठ संघांनिशी सुरू झाली. महाराष्ट्राचे त्यांत दोन, यू मुंबा आणि पुणेरी पलटण. पुणेरी पलटणची सुरुवात फार वाईट झाली. पहिल्या दोन्ही मोसमांत ती गुणतक्त्याच्या तळाशी होती. पण संघ मोडला नाही. मार्च २०२४ मध्ये त्याच पलटणीने हरियाणा स्टीलर्सला २८–२५ असे हरवून अजिंक्यपद मिळवले. पहिला आलेला पुणे मराठाज गेला आणि शेवटचा आलेला पुणेरी पलटण दहाव्या मोसमात जिंकला, हे कोडे कसे सोडवायचे?

पैशाचा भाग आहेच. या लीगमागे बलाढ्य दूरचित्रवाणी कंपनी उभी राहिली, हे विसरून चालणार नाही. पण पैसा तिकडेही आला होता. माझ्या मते फरक बियाण्याचा आहे. हुतूतूचे पेटंट कोणी घेतले नाही. घेणार कोण आणि कोणाविरुद्ध? विसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रातल्या व्यायामप्रेमी मंडळींनी त्याला नियमांत बसवले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने परदेशी लोकांपुढे आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके केली, त्यांत हा खेळ होता. १९५० साली अखिल भारतीय महासंघ झाला, १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत त्याला पदक मिळू लागले. हे सगळे टीव्हीवरच्या पहिल्या चढाईच्या कितीतरी आधीचे. रिंगणातल्या मॅटवर उतरणारा प्रत्येक खेळाडू कुठल्या तरी गावाच्या मातीत गुडघे फोडून आलेला असतो. ही लीग उद्या बंद पडली, तरी अमळनेर-चोपड्याच्या शाळेत दुपारच्या सुटीत चुन्याच्या रेघा पडतीलच. आमच्या धुळ्याच्या गरुड मैदानाला किंवा जळगावच्या सागर पार्कला कोणी फ्रॅन्चायझी दिलेली नाही. संध्याकाळी तिथे जागा मिळवायला पोरांना भांडावे लागते.

अर्थात याचा अर्थ असा नव्हे की आपल्या पोरांनी परका खेळ खेळूच नये. क्रिकेट कुठे आपल्या आजोबांनी शोधून काढले होते? व्हॉलीबॉल अमेरिकेतूनच आला आणि आज खेड्याखेड्यांत जाळी बांधलेली दिसते, कारण दोन बांबू, एक जाळी आणि एक चेंडू एवढ्यावर तो चालतो. अरीना फुटबॉलला वातानुकूलित सभागृह, गाद्यांच्या भिंती आणि प्रत्येक पोरामागे हजारो रुपयांचे शिरस्त्राण लागते. तालुक्याच्या शाळेत क्रीडाशिक्षकाला वर्षाला मिळणारी रक्कम तुम्हां शिक्षकांना ठाऊकच आहे; त्यावर मी काही बोलत नाही.

चार दिवसांनी तो मुलगा परत आला. मी त्याला हे सगळे सांगितले. डेन्व्हरचेही सांगितले आणि वॉर्नरचेही. म्हटले, "जायचे की नाही ते तू ठरव. पण पैसे भरण्याआधी त्या लोकांना फोन लावून चार गोष्टी विचार. तुमचा संघ कुठल्या मैदानावर खेळणार, आणि ते मैदान किती दिवसांसाठी घेतले आहे? लीग मधेच बंद पडली तर आमच्या मानधनाचे काय? हातपाय मोडला तर दवाखान्याचा खर्च कोण देणार? आणि हे सगळे करारात लिहून मिळणार का?" शिक्षकमित्रहो, तुमच्याकडे असा मुलगा आला तर हेच प्रश्न त्याच्या हातात द्या, असे मी सुचवीन. आपल्याला त्या खेळातले काही कळत नसले, तरी हे प्रश्न विचारायला खेळ यावा लागत नाही.

त्याने माझ्यासमोरच फोन लावला. पलीकडचा माणूस गोड बोलत होता. मानधनाचे बोलला, टीव्हीचे बोलला. मैदानाचे विचारल्यावर म्हणाला, ते मागाहून कळवू. दवाखान्याचे विचारल्यावर म्हणाला, आधी निवड तर होऊ द्या. फोन ठेवून मुलगा थोडा वेळ गप्प बसला.

शेवटी तो गेला. वडिलांनी कापसाच्या पैशांतून फी दिली, शिवाय खिळ्यांचे बूट घेऊन दिले. मी अडवले नाही. वीस वर्षांच्या मुलाला अडवून काय होते? चाचणीत त्याची निवड झाली, तसा कागदही मिळाला. पुढचे बोलावणे अजून आलेले नाही. फोन आता लागत नाही. तेच बूट घालून तो रोज पहाटे गावाबाहेरच्या माळावर पोलीस भरतीच्या १६०० मीटर धावण्याचा सराव करतो. परवा महाविद्यालयाच्या फाटकात भेटला, तेव्हा मी वेळ विचारली.

"पाच मिनिटं वीस सेकंद, सर," तो म्हणाला. "अजून दहा सेकंद काढायचेत."